नीव्हची दुसरी नोंद

झान्ना आमच्या मशरूमच्या शेडवर आली तेव्हा एकवीस वर्षांची होती. इंग्रजीचे मोजून तीस-चाळीस शब्द तिच्याजवळ होते, पण हात असा चालायचा की दुसऱ्याच आठवड्यात तिनं आम्हा जुन्या बायांना मागं टाकलं. मशरूम खुडणं बघायला सोपं वाटतं. सहा मजली मांडण्या, त्यांच्या कडेनं वरखाली होणारी ट्रॉली, हातात छोटी सुरी. मशरूम हलकेच पिरगळून काढायचं, देठ छाटायचा, डबीत पांढरी बाजू वर करून ठेवायचं आणि बोटाचा डाग पडू द्यायचा नाही. बाहेर आयर्लंडमधल्या आमच्या कॅव्हनमध्ये पाऊस असो की ऊन, शेडमध्ये बाराही महिने एकच हवा, कोमट आणि दमट. अशा हवेत दोन बायका एका ट्रॉलीवर सतरा-अठरा वर्षं उभ्या राहिल्या की एकमेकींचं फारसं काही लपून राहत नाही. मी बर्नी, ह्याच गावची. पुढचं बरंचसं मी पाहिलेलं आहे आणि उरलेलं झान्नानं सांगितलेलं आहे.

ती लॅटव्हियाची, दाउगावपिल्स गावची. घरी बोली रशियन. तिच्या देशाबद्दल आम्हाला एवढंच माहीत होतं की तिथं थंडी कडक असते. एकदा जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी पासपोर्टांचा विषय काढला आणि झान्ना म्हणाली, "माझ्या बाबांच्या पासपोर्टवर 'परका' असं छापलेलं होतं."

आम्ही हसलो. आम्हाला वाटलं चेष्टा करतेय.

"खरंच," ती म्हणाली. "पहिल्या पानावर नाही, मुखपृष्ठावरच."

मग तिनं सांगितलं ते असं. ती सहा वर्षांची असताना सोव्हिएत राज्य संपलं आणि लॅटव्हिया पुन्हा स्वतंत्र झाला. ज्यांचे आजे-पणजे दुसऱ्या महायुद्धाआधीच्या पहिल्या स्वातंत्र्यातले, ते नागरिक. जे सोव्हिएत काळात बाहेरून येऊन वसले ते, आणि त्यांची तिथंच जन्मलेली मुलंही, नागरिक नाहीत. राहा, काम करा, पेन्शन घ्या, पण मत नाही. नागरिक व्हायचं तर भाषेची आणि इतिहासाची परीक्षा द्या. झान्नाचे वडील अनातोली विशीत तिथं आले होते, आयुष्यभर रेल्वेची इंजिनं दुरुस्त करत राहिले आणि 'परका' लिहिलेला पासपोर्ट खणात ठेवूनच वारले. आई रिम्मा तर जन्मलीच दाउगावपिल्समध्ये. तिचं म्हणणं, "ज्या घरात जन्मले त्या घरात शिरायला मी परीक्षा द्यायची? मरेन, पण देणार नाही."

झान्नानं दिली. विसाव्या वर्षी, आईला न सांगता. भाषा, इतिहास, राष्ट्रगीत, सगळं पास झाली, शपथ घेतली आणि नवा पासपोर्ट घेऊन घरी आली. युरोपीय संघातला तो पासपोर्ट असल्याशिवाय आयर्लंडमध्ये परवान्याविना काम मिळत नव्हतं. रिम्मा तिच्याशी तीन आठवडे बोलली नाही. ती आयर्लंडला निघाली तेव्हा स्टेशनवर पोचवायला मात्र आली. येताना उकडलेली अंडी आणि काळ्या पावाची अर्धी लादी बांधून आणली होती.

इथं आल्यावर दहा वर्षांनी झान्नानं फिंटन गॅलिगनशी लग्न केलं. फिंटन शेडला कंपोस्ट पोचवणारा लॉरीवाला. मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा आणि कुठल्याही गोष्टीवर दोन मिनिटांत मत बनवणारा. दोन हजार एकोणीसच्या मार्चमध्ये त्यांना मुलगी झाली. नाव ठेवलं नीव्ह. मुलगी इथंच जन्मलेली, बाप इथलाच, त्यामुळं आयरिश पासपोर्ट काही खटपट न करता आला. कोणी दुसऱ्या पासपोर्टचा विचारही केला नाही.

तो विचार फिंटनच्या डोक्यात नीव्ह चार वर्षांची झाल्यावर आला. लॉरीवाल्यांच्या चहाच्या टपरीवर कोणीतरी त्याला सांगितलं की लॅटव्हियाचा कायदा बदललाय आणि आता असल्या मुलांना दोन्हीकडचं नागरिकत्व ठेवता येतं. तो घरी आला तो ठरवूनच. रविवारी त्याच्या आईकडं जेवण होतं, मीही होते, कारण फिंटनची आई अ‍ॅट्रॅक्टा आणि मी पूर्वीपासूनच्या शेजारणी. बटाटे वाढून व्हायच्या आत त्यानं विषय काढला.

"नीव्हचा लॅटव्हियाचा पासपोर्ट काढून टाकू. अर्ज करायचा, बस. फुकटात दुसरा देश!"

अ‍ॅट्रॅक्टानं डाव खाली ठेवला. "रशियाच्या कुशीत आहे ना तो देश? रोज बातम्यांत काय दाखवतात बघतोस ना? उद्या तिथं काही पेटलं आणि म्हणाले, तुमच्या नागरिकांना पाठवा, तर?"

"मुलगी आहे ती, आई. आणि चार वर्षांची."

"आज चार वर्षांची आहे. कायमची चारच राहणार आहे का? आणि मुलींनाही बोलावतात हल्ली. एकच देश पुरे माणसाला. तुझा मामा बोस्टनला गेला, त्याच्या नातवंडांनी आपला आयरिश पासपोर्ट काढला. कशासाठी? तर विमानतळावरची रांग लहान असते म्हणून! कधी आलीत का माझ्या दाराशी?"

"म्हणजे तुझा राग बोस्टनवर आहे."

"माझा राग कुणावर नाही. जेव."

मग दोघंही झान्नाकडं बघायला लागले. साहजिकच होतं, देश तिचा. झान्ना नीव्हच्या ताटातला मासा काटे काढून बारीक करत होती. ती म्हणाली, "बघू."

फिंटनला वाटलं ती हो म्हणतेय, अ‍ॅट्रॅक्टाला वाटलं नाही म्हणतेय. मी दोन्ही धरलं नाही.

पुढचे चार महिने ते 'बघू' तसंच राहिलं. फिंटननं अर्ज छापून आणला आणि फ्रिजवर लावला. त्यात मुलीचं नाव तिथल्या पद्धतीनं कसं लिहिलं जाईल हे वाचल्यावर तर त्याला भलताच चेव आला. शेडवर येऊन आम्हाला सांगायला लागला, "ऐका, ऐका! नीव्ह गॅलिगनचं तिकडं काय होणार, माहितीय? नीवा गालिगाना! त्यांच्यात बाईचं आडनाव 'आ'नं संपलंच पाहिजे. चारशे वर्षांचं पुरुषी आडनाव माझं, एका अर्जात बाई झालं!"

झान्नाही हसली, पण नंतर ट्रॉलीवर मला म्हणाली, "आईला फोनवर नाव सांगितलं होतं जन्माच्या वेळी. तिला वाटलं जीपचं नाव ठेवलं. नीवा नावाची जीप होती आमच्याकडं, बटाट्याची पोती न्यायला. म्हणाली, मुलीला जीप काय म्हणतेस?"

"मग तू अर्ज का करत नाहीस? जीपमुळं?"

तिनं आधी दोन डब्या भरल्या. मग म्हणाली, "बर्नी, माझा बाप तिथं चाळीस वर्षं राहून परका मेला. आई तिथंच जन्मून अजून परकी आहे. आणि माझी मुलगी, जिला तिथल्या भाषेत पाणी मागता येत नाही, तिला मी एका अर्जावर नागरिक करू? मला ते दुकानातून चोरी केल्यासारखं वाटतं. आणि नाही केलं तर वाटतं, ज्यांनी बाबांना बाहेर ठेवलं त्यांचंच काम मी पुढं चालवतेय. सांग, काय करू?"

मला काय सांगता येणार होतं? मी ज्या खाटेवर जन्मले ती अजून माझ्या भावाच्या घरात आहे. मी म्हणाले, "आईला विचारलंस?"

"आईला विचारायचं? तीन आठवड्यांचा अबोला मी एकदा भोगलाय."

जुलैमध्ये ती नीव्हला घेऊन दरवर्षीप्रमाणे दाउगावपिल्सला गेली. तिथं काय झालं ते तिनं मला परत आल्यावर सांगितलं, तुकड्यातुकड्यांनी, बरेच दिवस.

रिम्माचं घर पाचव्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सदुसष्टाव्या वर्षीही ती भाजीची पिशवी घेऊन न थांबता चढते. रिम्मा पूर्वी ट्रॅम चालवायची. गावात ट्रॅम चालवणाऱ्या बायकांमध्ये तिचा दरारा होता. बर्फात, उतारावर, गर्दीत, कुठंही तिची ट्रॅम वेळेवर. मग झान्ना नऊ वर्षांची असताना रिम्मा एकाएकी डेपोत ट्रॅमचे डबे धुवायला लागली. घरी कारण सांगितलं, गुडघे. बसून बसून गुडघे गेले, डॉक्टर म्हणाले चालक म्हणून नको. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ती पाण्याचा पाइप आणि लांब दांड्याचा ब्रश घेऊन डबे धूत राहिली.

त्या दिवशी नीव्ह स्वयंपाकघरात स्टुलावर बसून आजीला शेपू निवडायला मदत करत होती. रिम्माला इंग्रजी येत नाही, नीव्हला रशियन मोडकंतोडकं येतं. दोघींचं छान चाललं होतं. झान्नानं सहज बोलल्यासारखं करून सांगितलं, "आई, फिंटन म्हणतोय नीव्हचं इथलं नागरिकत्व नोंदवू या. मी अजून ठरवलं नाही."

रिम्मानं मान वर न करता विचारलं, "का नाही ठरवलं?"

"तुला चालेल की नाही म्हणून."

"माझा काय संबंध?"

"तुझा काय संबंध! मी परीक्षा दिली तेव्हा तीन आठवडे तोंड फिरवून बसली होतीस. ज्या घरात जन्मले त्या घरात शिरायला परीक्षा देणार नाही, हे कोण म्हणत होतं?"

"मी म्हणत होते."

"मग?"

रिम्मानं शेपूच्या काड्या एका बाजूला केल्या, हात पुसले. नीव्हला म्हणाली, "जा राणी, गॅलरीतल्या फुलांना पाणी घाल." पोर गेल्यावर ती खुर्चीवर बसली.

"माझे गुडघे कधी दुखलेत, झान्ना? पाच मजले चढते मी."

झान्नाला आधी कळलंच नाही गुडघे कुठून आले.

"चौऱ्याण्णव साली ट्रॅमवाल्यांना भाषेची चाचणी लावली," रिम्मा म्हणाली. "लोकांशी काम करणाऱ्या सगळ्यांनाच होती. मला वाटलं, त्यात काय, थांब्यांची नावं तर लॅटव्हियनच बोलते मी दिवसभर. गेले. टेबलापलीकडं एक मुलगी बसली होती, तेव्हाच्या माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असेल. चांगली होती, हसून बोलली. म्हणाली, काल संध्याकाळी काय केलंत ते सांगा. काल संध्याकाळी मी काय केलं होतं? तुझे केस धुतले होते, सूप केलं होतं. दोन्हीचे शब्द मला येत होते. पण तिथं बसल्यावर एक आठवेना. मागं रांगेत आमच्या डेपोतली माणसं उभी, दार उघडं. मी नुसती बसून राहिले. ती म्हणाली, घाई नाही, सावकाश सांगा. ते ऐकून तर होतं नव्हतं तेही गेलं. नापास. मग चालकाची जागा गेली. डबे धुवायला भाषा लागत नाही."

"बाबांना माहीत होतं?"

"कोणालाच नाही. डेपोतल्यांना होतं, पण त्यांनी तोंड उघडलं नाही, भली माणसं. मग ती नागरिकत्वाची परीक्षा आली. मी म्हणाले, देणार नाही, हा माझा अपमान आहे. सगळे म्हणाले, वा, रिम्माचा ताठा बघा. तुझे बाबा तर माझ्यामुळंच गेले नाहीत. म्हणाले, बायको जात नाही तर मी एकटा जाऊन काय करू. ताठाबिठा काही नव्हता, पोरी. भीती होती. पुन्हा कोणीतरी विचारेल काल संध्याकाळी काय केलंत, ही भीती. आणि तू विसाव्या वर्षी गेलीस आणि पास होऊन आलीस, न घाबरता. मी तुझ्यावर रागावले नव्हते. मला तुझ्याकडं बघायची लाज वाटत होती."

झान्ना म्हणते, तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली की बाबा ज्याला तत्त्व समजून आयुष्यभर सांभाळत बसले ते तत्त्व नव्हतंच. तिला आईचा राग आला, चांगला सणसणून आला, आणि तो दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी नीव्हनं गॅलरीतून खाली पाणी ओतलं, खालच्या मजल्यावरची बाई भांडायला वर आली, तेव्हा मायलेकी मिळून तिच्याशी भांडल्या आणि त्या गडबडीत राग निघून गेला.

निघायच्या दिवशी रिम्मा म्हणाली, "नोंदव मुलीचं नाव. माझ्यासाठी नको आणि बाबांसाठीही नको, आम्ही आमचं बघून घेतलं. मोठी झाल्यावर तिला नको असेल तर टाकून देईल. पण कुणासमोर बसून मागायची पाळी तिच्यावर नको."

सप्टेंबरमध्ये झान्ना डब्लिनला दूतावासात गेली. फिंटनला सुट्टी नव्हती, म्हणून सोबत मी गेले. नीव्हला घेतलंच होतं. खिडकीपलीकडं एक तरुण होता, सोनेरी दाढीचा, नीटनेटका. त्यानं कागद बघितले, जन्मदाखला, लग्नाचा दाखला, झान्नाचा पासपोर्ट. झान्नानं आधीच घोकून ठेवलेलं वाक्य म्हटलं, "माझ्या मुलीला नागरिकत्व मिळावं असा अर्ज करायचा आहे."

दोघांचं बोलणं लॅटव्हियनमध्ये चाललं होतं. मला ते बाहेर आल्यावर कळलं, पण झान्नाचा चेहरा बदलला तो मी तिथंच बघितला.

तो म्हणाला होता, "मिळायचं काही नाही, बाई. हिच्या जन्माच्या दिवशी तुम्ही नागरिक होतात ना? मग ही जन्मापासूनच नागरिक आहे. आम्ही फक्त नोंद करून घेतो."

"परीक्षा वगैरे?"

तो हसला. "हिची? कसली परीक्षा? जन्मानंच आहे म्हटलं ना."

"मी जन्मानं नव्हते," झान्ना म्हणाली. "मी तिथंच जन्मले होते."

तो स्वातंत्र्यानंतर जन्मलेला असणार. कागद सारखे करत म्हणाला, "माझी आजी शाळेत ही भाषा शिकवायची. मोठी माणसं यायची तिच्याकडं संध्याकाळी, परीक्षेसाठी. फार घाबरलेली असायची." एवढं बोलून त्यानं शिक्का उचलला.

नावाचा प्रश्न त्यानं समजावून सांगितला. मुख्य पानावर नीवा गालिगाना, आणि हवं असल्यास दुसऱ्या पानावर मूळ आयरिश नाव जसंच्या तसं. झान्नानं दोन्ही मागितलं. बाहेर आल्यावर आम्ही एका हॉटेलात चहा घेतला. नीव्हनं चॉकलेटचा केक मागितला आणि निम्मा खाल्ला. झान्ना म्हणाली, "चार महिने मी ठरवत बसले, बर्नी, आणि ठरवायचं काही नव्हतंच. पोरगी चार वर्षं नागरिक होती आणि आम्हाला पत्ता नव्हता."

"मग बरं वाटतंय का?"

"माहीत नाही. हलकं वाटतंय. बरं वाटणं वेगळं असतं बहुतेक."

अ‍ॅट्रॅक्टानं पासपोर्ट आला त्या दिवशी तो चष्मा लावून पान न् पान बघितला आणि म्हणाली, "फोटोत माझ्यासारखी दिसते." त्यानंतर तिनं युद्धाचं नाव काढलं नाही, निदान आमच्यासमोर तरी.

ह्या गोष्टीचा शेवट इथंच झाला असता, पण नोव्हेंबरमध्ये रिम्माचा फोन आला. तिनं परीक्षेला नाव घातलं होतं. कोणाला न सांगता, थेट लेकीच्या पद्धतीनं. वयामुळं भाषेचं लेखी तिला माफ होतं, तोंडी द्यायचं होतं आणि नंतर इतिहास. खालच्या मजल्यावरची ती भांडकुदळ बाई लॅटव्हियन निघाली. तीच आता रोज दुपारी वर येऊन रिम्माचा अभ्यास घेत होती आणि चुकलं की टेबलावर चमचा आपटत होती.

परीक्षा फेब्रुवारीत झाली. त्या दिवशी झान्ना शेडवर होती, फोन ट्रॉलीच्या कठड्यावर ठेवलेला. तिथं फोन ठेवायला मनाई आहे, पण मुकादम त्या दिवशी दुसरीकडं बघत राहिला. अकरा वाजून गेल्यावर फोन वाजला. झान्नानं हातमोजा दातानं ओढून काढला.

रिम्माचा आवाज मलाही ऐकू येत होता. बोलत होती ती रशियन, त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही, पण मध्येच ती मोठ्यानं हसली आणि झान्नाही हसायला लागली. डोळ्यांतून पाणी काढत हसत होती.

"काय झालं? पास?"

"भाषेत पास! त्यांनी विचारलं, तुमच्या गावाबद्दल सांगा. आई ट्रॅमबद्दल बोलायला लागली ती थांबेचना. शेवटी परीक्षकानंच म्हटलं, पुरे."

"आणि इतिहास?"

"इतिहासात नापास. म्हणते, सदुसष्ट वर्षं त्या इतिहासातच राहिले आणि त्यातच नापास झाले."

"मग आता?"

"मीही तेच विचारलं. म्हणाली, आता काय, घरी चाललेय, सूप करायचंय. तीस वर्षं जे होईल म्हणून घाबरत होते ते झालं, आणि बाहेर आल्यावर बघते तर ट्रॅम वेळेवर आली."

इतिहासाची परीक्षा पुन्हा देता येते. रिम्मानं नाव घातलं आहे. रविवारी संध्याकाळी झान्ना फोनवरून तिला प्रश्न विचारते, राष्ट्राध्यक्षाला कोण निवडतं, घटना कोणत्या साली आली, झेंड्याचे रंग कोणते. नीव्ह शेजारी बसून चित्रं रंगवत असते. मागच्या रविवारी मी तिथं होते. घटनेच्या सालाशी रिम्मा अडली. झान्ना थांबून राहिली, सांगितलं नाही. पलीकडून चमचा आपटल्याचा आवाज आला, मग खालच्या बाईचा ओरडण्याचा, मग रिम्माचा तिच्यावर ओरडण्याचा. परीक्षेची तारीख अजून कळवलेली नाही, पण एप्रिलच्या आत होईल असं म्हणतात.